जिभेवरची माती

आये, तुला वाचता येत नव्हतं आणि मी तुलाच पत्र लिहायला बसलेय. तू असतीस तर म्हणाली असतीस, ‘कामं सरली काय गं सगळी?’ सरली नाहीत. पण आज सहावीच्या वर्गात पहिल्या शेतकऱ्यांचा धडा घेतला. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हा धडा आला की मला तू आठवतेसच, आणि मग घरी येऊन कशात लक्ष लागत नाही.

असलाच धडा मी लहानपणी तुला चुलीपाशी वाचून दाखवला होता. तू तांदळाची भाकरी थापतेयस, मी पाटावर बसून मोठ्याने वाचतेय. दोन नद्यांच्या मधला मुलूख, लोकांनी कालवे खणले, धान्य खाऊन उरायला लागलं, मग कोठारं आली, शहरं आली, राजे आले. तू नुसती ‘हं, हं’ करतेयस. पुढे होतं की पिढ्यान् पिढ्या पाणी देऊन देऊन जमिनीत मीठ वर आलं, गहू गेला, मग जवावर भागवलं, शेवटी जवही नीट येईना. तिथे तुझा हात थांबला. ‘पानी आत घेतलं ते घेतलं, भायेर सोडायला उघाडी न्हाय ठेवली त्यांनी?’ मी म्हटलं, पुस्तकात तसं काही नाही. ‘एवढे राजे होते, आन् कुनाला न्हाय सुचलं?’ मला रागच आला. बांधाच्या पलीकडे न गेलेली आमची आई राजांना अक्कल शिकवतेय. पुढे कॉलेजात सरांनी त्याच शेतीबद्दल फळ्यावर लिहिलं, पाण्याचा निचरा झाला नाही. मी ते वहीत उतरवलं आणि शेजारच्या मुलीला सांगितलं, हे माझ्या आईला केव्हाचं माहीत आहे. तिला ती थाप वाटली. वाटू दे.

आता मी मुलांना आधी आपली उघाडी सांगते. खाडीच्या बांधातलं लाकडी दार, भरतीच्या रेट्याने मिटतं, ओहोटीला उघडतं आणि शेतातलं खारं पाणी बाहेर जातं. मग तुझं माती चाखणं सांगते. पावसाने शेत धुतलं की तू बांधावरून खाली उतरायचीस, चिमूटभर चिखल जिभेवर ठेवायचीस, थुंकायचीस, आणि सगळा गाव तुझ्या तोंडाकडे बघत उभा असायचा. आपल्याकडे मोड आलेलं बी फेकतात. मातीत मीठ राहिलं तर कोंब करपतात, आणि बी एकदा भिजत घातलं की मागे फिरता येत नाही. लहानपणी एकदा आमच्या शाळेच्या बाई शेत बघायला आल्या होत्या आणि मी त्यांच्यासमोर फिदीफिदी हसत म्हणाले, ‘आमची आई माती खाते.’ बाई गेल्यावर हात धुता धुता म्हणालीस, ‘हसलीस ती हसलीस. पन तुझ्या पोटातला भात आधी माझ्या जिभेवरनं गेलाय, येवढं ध्यानात ठेव.’ त्या दिवसानंतर मी तुझ्यावर कधी हसले नाही.

तुझ्या माघारी बांध फुटला, ते तुला ठाऊक नाही. काही वर्षं आपल्या शेतात भरतीचं पाणी आणि चिंबोऱ्या, दुसरं काही नव्हतं. या उन्हाळ्यात गावाने मनावर घेतलं. घरटी एक माणूस, चिखलाची ढेकळं हातोहात पुढे, अगदी तुमच्या वेळेसारखं. मांडव्याला बोटीवर कामाला जाणारी पोरंसुद्धा रजा टाकून आली. बांध उभा राहिला, उघाडी बसली, पावसाने शेत धुतलं. आणि मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. थोरले काका म्हणाले, ‘तुझ्या आयला कळायचं. तू तिची पोर हायेस. बी भिजत घालू काय, सांग.’ अख्ख्या गावाचं बियाणं होतं आये, ते करपलं असतं तर पुन्हा बांधाला कुणी हात लावला नसता. मी शाळेची साडी खोचून खाली उतरले, चिमूट जिभेवर ठेवली, थुंकले आणि म्हणाले, ‘आज नको. अजून एकदा पाणी बाहेर सोडा, पावसाचं नवं पाणी साचू दे, मग घाला.’ तसंच केलं सगळ्यांनी.

आज भात पोटरीला आलंय. बांधावर उभं राहिलं की हिरव्याशिवाय काही दिसत नाही, आणि काका येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, ‘आयची जीभ हाय पोरीला.’ मी मान डोलावते. ऊर भरून येतो, खोटं कशाला बोलू.

हे पत्र कुणाच्या हाती पडायला नको, तुझ्याही नाही, म्हणून फाडून चुलीत घालणार आहे. मला खारं की गोडं काहीच कळलं नव्हतं, आये. नुसता चिखल लागला. तू दरवर्षी म्हणायचीस, ‘अजून एक डाव पानी सोडा,’ तेवढंच आठवलं आणि तेच मी बोलून मोकळी झाले.