डेअरीच्या वाटेवरची आडवी रेघ

मंगळवार, दिवेलागण

मी सांगते, नात लिहिते. सीमे, सांगते तसंच लिही, तुझं शहाणपण घालू नको.

सकाळी सोसायटीच्या डेअरीवर दूध घालायला गेले, तर ही घड्याळ घेऊन पावलं मोजीत मागं. शाळेसाठी आलेख काढायचा होता. आता कागद दाखवला, रेघ वर चढलेली. म्हटलं, "आपल्या वाटंला चढ कुठाय गं?"

"चढ न्हाई आजे, तू घरापासनं किती लांब गेलीस ते हाय. आन् ही आडवी रेघ बघ. येळ गेला, तू हलली न्हाईस. लिंबाखाली बसलीस. गुडघे दुखत्यात. उद्यापासनं दूध मी नेते."

"गप्पा मारीत होते."

"लिंबाशी?"

मेल्या आडव्या रेघेनं पकडलं. दुष्काळात दूध शेरभर, त्यापायी हिचा सकाळचा अभ्यास बुडवू?

"येताना बसली न्हाईस. का गं?"

"तू शाळेला निघायच्या आत तुझी वेणी घालायची असती."

पोरीनं वेणीवरनं हात फिरवला. मग म्हणली, "दूध तूच ने. पण येतानाबी बसायचं. वेणी माझी मी घालीन."

वाकडी घालील. घालू दे.