मोटारीपुढचे बैल

सिंदेवाही, संक्रांतीनंतरचा बुधवार, सन १९५४

ती. केवळरामभाऊंस घनश्यामचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. (तुम्ही माझ्याहून एका पेरणीने मोठे, म्हणून डोकं ठेवायचं. एरवी तुमच्या प्रेमिलाच्या लग्नापासून माझी मान तुमच्या दिशेला वाकत नाही.) इकडे सर्व खुशाल. धान घरात आलं, सौ. रंभाचा खोकला थांबला, म्हैस मात्र अजून रुसलेली आहे. तुमचा गुडघा, वहिनींचा दमा आणि तुमच्या बैठकीतली ती समोरची भिंत कशी आहे ते कळवावं. भिंतीचं मुद्दाम विचारतो, कारण नागपूरहून लेकीकडून परत आल्यावर ती तुम्हाला उघडी दिसली असेल. चोर शोधू नका, फोटो मी आणला आहे.

रागावण्याआधी पुढचं वाचा. त्या फोटोचा मला हेवा वाटतो हे मी कधी लपवलं नाही. मोटारीत मागच्या गादीवर आपले आजोबा पटका बांधून बसलेले, पुढे चाक धरून तुमचे वडील, आणि माझे वडील कुठे? तर चौकटीच्या कडेला, मोटारीच्या दिव्यावर टेकलेला एक हात. तोही मनगटापर्यंतच. वडिलांचा दुसरा फोटो कुठे नाही, म्हणून मी दर दिवाळीला चांद्याला येऊन त्या हाताला नमस्कार करतो, आणि तेवढ्यात तुम्ही पाहुण्यांना सांगत असता, ‘आमच्या घरची मोटार, जिल्ह्यातली पहिली.’ प्रेमिलाला नागपूरचं घर मिळालं ते या मोटारीच्या जोरावर. (पोरगी गुणी आहे, तिच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. पण माझी मैना कशात कमी आहे?)

आता मैनाचंच ऐका. आरमोरीचे भैयाजी आपल्या मुलासाठी तिला बघायला आले. मुलगी पसंत पडली, रंभाचे वडे पसंत पडले, आणि निघताना उंबऱ्यात थांबून ते म्हणाले, “चांद्याचे केवळरामभाऊ तुमचे सख्खे चुलतभाऊ ना? त्याइच्या आजोबाची मोटार होती म्हणते. मंग तुमच्या आजोबाची काऊन नोयती?” मी म्हटलं, आजोबा एकच. ते म्हणाले, “पाहू,” आणि गेले. ‘पाहू’ म्हणजे काय ते मुलीच्या बापाला विचारावं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. तुमच्या लेकीला मोटार आणि माझ्या लेकीला ‘पाहू’, हे मला सहन होईना. तेव्हा ठरवलं, ही मोटार कोणती, कधीची, कुणाची, हे एकदा शोधून काढायचं. एक तर अर्धी मोटार माझ्या नावावर येईल, नाहीतर तुमच्याही नावावर राहणार नाही.

छोट्या आगगाडीने चांद्याला आलो. तुम्ही नव्हता. सुगंधाकाकूंना सांगितलं, फोटोच्या मागे वाळवी लागलेली दिसते, साफ करून आणतो. बिचाऱ्या काकूंनी (तुमची आई असूनही स्वभाव सरळ) फोटो आपल्या जुन्या लुगड्यात गुंडाळून दिला. परत येताना गाडीत डब्यातल्या सगळ्यांनी तो पाहिला. एका म्हातारीने तर मोटारीला देवाचा रथ समजून कुंकू लावलं. काचेवर डाग दिसला तर तो तिचा.

वाटेत मूल स्टेशनवर उतरून नईम मिस्त्रीकडे गेलो. लाकूडठेकेदारांचे ट्रक तोच दुरुस्त करतो, आणि आपल्याला न कळणारी मोटार जगात नाही असं त्याचं मत आहे. त्याने आधी एका कंपनीचं नाव घेतलं, मग चहा पिऊन दुसरीचं. पितळी दिवे पाहून म्हणाला, पहिल्या लढाईच्या आधीची. लाकडी चाकं पाहून म्हणाला, त्याच्याही आधीची. शेवटी वैतागून बोलला, “नाव पुढच्या जाळीवर रायते, भाऊ. इथी तं जाळीच नाई. हे चौकट खोला.”

चौकट उघडली. भाऊ, फोटो मागे दुमडलेला होता. नईमने घडी हळूच सरळ केली, आणि त्या हाताला दंड आला, खांदा आला, आणि मग माझ्या वडिलांचं तोंड आलं. कोवळी मिशी, आणि हसू अगदी मैनाचं. मी त्या तेलकट बाकावर बसून रडलो, हे सांगायला मला लाज वाटत नाही. इतकी वर्षं तुमच्या भिंतीवर माझा बाप पाठीमागे दुमडून पडला होता.

डोळे पुसले तेव्हा त्यांच्या दुसऱ्या हातातला कासरा दिसला. कासऱ्याच्या पुढे बैलांची जोडी, आणि जोडीपासून मोटारीपर्यंत जाड दोर. म्हणजे जिल्ह्यातली पहिली मोटार बैलांनी ओढत आणलेली! नेमकी जाळीवरच्या नावासमोर एका बैलाची शेपूट. “शेपूट बाजूले असती तं नाव सांगतलं असतं,” नईम म्हणाला, आणि हात धुवायला गेला. (फोटो चौकटीत मावेना म्हणून दुमडला असेल, असंही तो म्हणाला. त्याला आपलं घराणं माहीत नाही.)

काल भैयाजी परत आले. मी फोटो अख्खा उघडून पुढे ठेवला आणि तुमची मोटार बैलांनी ओढत आणलेली हे सांगायला तोंड उघडलं, तर ते मोटारीकडे बघेनातच. बैलांवर बोट फिरवत बसले. शंकरपटाच्या शर्यतीत त्यांची जोडी धावते, हे मी विसरलोच होतो. “काय पुठ्ठे हायेत! मोटार ओढली का यायनं? कोणाचे हे?” मी म्हटलं, माझ्या वडिलांचे, त्यांनीच लहानाचे मोठे केलेले. भैयाजींनी मैनाला हाक मारून पुन्हा पाणी मागितलं आणि तिला बेटा म्हणाले. येत्या आठवड्यात आरमोरीच्या शंकरपटात तुम्ही भेटालच, तेव्हा बैल कुणाचे ते तुमच्या तोंडून एकदा ऐकू आणि सुपारी फोडू, असं ठरलं आहे. तेव्हा भाऊ, तुमची मोटार तुम्हाला लखलाभ. आता जळायची पाळी तुमची. वहिनींस नमस्कार, लहानांस आशीर्वाद.

आपला,
घनश्याम

ता.क. पत्र बंद करणार इतक्यात सुगंधाकाकू फोटो न्यायला आल्या. उघडा फोटो पाहून खूप हसल्या. जंगलसाहेबाची मोटार वैनगंगेच्या रेतीत फसली होती, ती आजोबांनी बाहेर काढून दिली, म्हणून साहेबाने फोटो काढवला, असं म्हणाल्या. मग बैलांकडे बघून म्हणाल्या, “हे तं माह्या बापानं मले आंदण देल्ले. तुह्या बापाच्या हाती कासरा देला होता, बैल नाई देले.” रंभाने सुपारीचा डबा परत फळीवर ठेवला. केवळरामभाऊ, मागचं सगळं विसरा. मी आरमोरीत चारचौघांत गळ्याची शपथ घेऊन सांगेन की ती मोटार तुमच्याच वडिलांची, जिल्ह्यातली पहिली, आणि रेतीत ती नुसती विसाव्याला थांबली होती. तुम्ही फक्त एवढंच म्हणा, की बैल माझ्या वडिलांचे.

आणखी ता.क. काकूंना शंकरपटाला आणू नका.