खडूचा नंबर

प्रिय ताई,

तुझ्या उंडग्या बहिणीचा नमस्कार. मी ठीक आहे. जेवण पोटभर मिळतं. स्वयंपाकीणबाईंची मांजर रोज माझ्याच पायाशी येऊन बसते, एका कानाने बहिरी आहे बिचारी, पण मांजरीचं राहू दे.

इथे शाळेच्या वसतिगृहात न्हाणीघराबाहेर टॉवेलसाठी खुंट्या आहेत. प्रत्येक मुलीची एक खुंटी आणि तिच्यावर रंगाने घातलेला नंबर. मी आले त्या दिवशी सुतारकाका ब्रश घेऊन उभेच होते. ही माझी चौथी शाळा, म्हणून मी ऐटीत म्हटलं, "काका, रंग वाया घालवू नका. मी काही टिकायची नाही." ते म्हणाले, "बरं बाई, मग खडूनेच लिहितो." नंबर रंगवायला ते वर्षातून एकदाच येतात.

ओल्या टॉवेलने खडू पुसला जातो. चार महिने मी रोज सकाळी तो पुन्हा लिहीत होते. सोमवारी मुद्दाम लिहिला नाही, म्हटलं, बघू कोणी विचारतं का. दुपारी माझ्या खुंटीवर पलीकडच्या खोलीतल्या मुलीचा टॉवेल होता. ती म्हणाली, "अगं, तू आहेस अजून? मला वाटलं, गेलीस." चेष्टा करत नव्हती गं. हल्ली मी टॉवेल पलंगाच्या दांडीवर वाळत घालते.

आईला सांग, मला खिडकीजवळची खुंटी मिळाली आहे. बाबांचा खोकला कसा आहे? आणि आपल्या दाराआडच्या माझ्या खुंटीवर आता काय टांगता? खरं सांग.

तुझीच,
धाकटी