अडीच इंची बांगडी

याडी, परवा पुसदला कासाराच्या दुकानात जाऊन मी तीन इंची बांगडी मागितली. त्याने माझ्या मनगटाकडे दोनदा पाहिलं आणि विचारलं, एवढा मोठा हात कोणाचा? मी म्हटलं, इंजिनाचा. तो हसला, मीही हसले, आणि मग तुझी, माझ्या आईची, फार आठवण आली.

आपल्या नावेला नवं इंजिन घेतलंय. जुन्याने फार साथ दिली, पण शेवटी शेवटी धरणाच्या मध्यावर ते म्हाताऱ्यासारखं खोकायला लागलं होतं. तांड्यातली माणसं अजून याच नावेवर आहेत. दवाखाना असो की बाजार, पाण्यापलीकडे गेल्याशिवाय काही मिळत नाही, आणि सडकेने वळसा घालायचा तर अर्धा दिवस जातो. नव्या इंजिनाच्या धुराचं तोंड तीन इंची आहे, जुन्याचं अडीच होतं. म्हणजे धूर आणि इंजिन थंड करून आलेलं पाणी बाहेर नेणारा रबरी होज बदलायला हवा आणि सायलेन्सरही. होजवर कोणी काही बोललं नाही. सायलेन्सरचं नाव काढलं तसा सगळा तांडा अंगावर आला. तो याडीने बसवलेला, त्याला हात लावायचा नाही. इंजिनाच्या पेटीतल्या खिळ्याला तुझी बांगडी कालपर्यंत लटकत होती ना, नावेत चढताना बायका तिला हात लावून कपाळाला लावायच्या. तू असतीस तर एकेकीचा हात झटकला असतास.

ती बांगडी हातातून निघाली तो दिवस मला लख्ख आठवतो. बाने नावेला पहिलं इंजिन बसवलं होतं आणि होज म्हणून शेतातला अडीच इंची पाइप आणला होता. शहाणी माणसं सगळी, विहिरीवर जन्म गेलेली. पण तो पाइप इंजिनाच्या तोंडावर चढेना. मग त्यांनी तो तोंडाला तोंड लावून टेकवला, सायकलची ट्यूब गुंडाळली, वर चिंधी, वर तार. भर पाण्यात इंजिनाने काळा धूर ओकला आणि ते बंद पडलं. नावेत बायामाणसं, लेकरं. बाने बांबू मारत मारत काठ गाठला. तू खाली उतरलीस, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी टाकून झाल्यावर पिठाच्या हातानेच इंजिनासमोर येऊन बसलीस.

तू हातातली बांगडी काढतेस, इंजिनाच्या तोंडावर चढवतेस. ती घट्ट बसते. मग तीच बांगडी पाइपाच्या तोंडावर ठेवतेस आणि बाला दाखवतेस, पाइपाचं भोक बांगडीपेक्षा केवढं लहान आहे ते. बा म्हणतो, पाइप अडीचचाच आहे. तू विचारतेस, "अडीच कुठून मोजलं? भायेरून का आतून? धूर काय पायपाच्या भायेरून जाते का?"

शेतातला पाइप बाहेरून मोजतात. बांगडी आतून मोजतात, कारण तिच्यात हात जायचा असतो. तांड्यातल्या प्रत्येक बाईला हे माहीत होतं, माझ्यासकट. पण बांगडीचा आणि पाइपाचा संबंध फक्त तू लावलास. बाने आणखी थोडी चिंधी लावून बघू म्हटलं, तेव्हा तू एवढंच म्हणालीस की चिंधी बांधून माप जुळत नाही. मग तीच बांगडी घेऊन तू बाजारातली दुकानं पालथी घातलीस. होजच्या तोंडावर बांगडी ठेवायची, आतली कड आतल्या कडेला लागली का बघायचं, नाही लागली की पुढचं दुकान. दुकानदार वैतागले, पण तू काही हलली नाहीस.

सायलेन्सरची परीक्षा तू चुलीपुढे घेतलीस. इंजिन चालू असतं तोवर धूर पाण्याला ढकलत नेतो. बंद झालं की वर चढत गेलेल्या होजमधलं पाणी मागे फिरतं आणि सायलेन्सरच्या डब्यात येतं. डबा लहान पडला तर ते थेट इंजिनात शिरतं. हे तुला कोणी सांगितलं, की चुलीवरच्या उतू जाणाऱ्या दुधाने शिकवलं, मला माहीत नाही. तू घागरीने होज भरलास आणि सगळं पाणी डब्यात ओतून तो कुठवर भरतो ते पाहिलंस. "जातानाचं कोनीबी पाहते," तू म्हणालीस. "वापस येनाऱ्याले जागा पाह्यजे." तेव्हापासून पलीकडच्या काठाला लागलं की तू इंजिन बंद करायला लावायचीस आणि लगेच पुन्हा चालू. पहिल्यांदा काय, कोणतंही इंजिन चालू होतं; आत पाणी शिरलं नसेल तरच दुसऱ्यांदा होतं.

बा गेला आणि रीतीप्रमाणे तुझ्या हातातल्या, दंडातल्या सगळ्या बांगड्या उतरल्या. ही एक मात्र तू खिळ्याला टांगलीस. बायका कुजबुजल्या, तर तू म्हणालीस, ही माझी नाही, इंजिनाची आहे. आणि नाव तू स्वतः चालवायला लागलीस. तुझ्याएवढं धीट माणूस मी नंतर पाहिलं नाही.

तर यावेळी काका अडून बसला. होज तीनचा घे, मधे जोड लाव, पण याडीचा सायलेन्सर राहू दे. मी वाद घातला नाही. दुकानातून नावेला लागेल तेवढ्या लांबीचा तीन इंची होजचा तुकडा मागून आणला, अंगणात सगळ्यांसमोर घागरीने भरला आणि तुझ्या डब्यात ओतला. डबा भरला, पाणी तोंडातून वर आलं आणि काकाच्या पायावर गेलं. त्याने पाय मागे घेतले आणि म्हणाला, "मंग मोठा आन."

कासाराने दंडात घालायच्या बांगड्यांच्या ढिगातून तीन इंची काढून दिली. होजच्या दुकानदाराकडे मापाचा चिमटा होता, पण तांड्याचा विश्वास बांगडीवर. होजला लागली, नव्या सायलेन्सरच्या तोंडाला लागली, इंजिनाला घट्ट बसली.

आज पहिली फेरी झाली. नाव भरलेली होती. पलीकडच्या काठाला मी इंजिन बंद केलं, तर उतरणारी माणसं उतरायची थांबली. मी सायलेन्सरवर तळवा ठेवला. आत पाणी परत येत होतं, गडगडत, आणि मग निवांत झालं. मी पुन्हा चालू केलं. लागलं, याडी. पहिल्या झटक्यात लागलं. काकाने डोळे पुसले आणि वारा फार आहे म्हणाला.

खिळ्याला आता नवी बांगडी आहे. जुनी मी घरी आणली. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून तुला एक सांगते. हे लिहिताना ती माझ्या हातात आहे. तुझा हात अडीचचा, माझा सव्वादोनचा, ती सारखी निसटत होती. मी तिला आतून धागा गुंडाळलाय. चिंधी बांधून माप जुळत नाही, माहीत आहे. तरी काढली नाही.