आण्णांनी मला विचारलं

११ मार्च, संध्याकाळ

कंपनी सुटल्यावर थेट शेतात गेले. चाकणवर काळं आभाळ, तेही मार्चमध्ये! आण्णा, माझे सासरे, कांद्याच्या बांधावर उभे होते. पात अजून हिरवीगार, म्हणजे कांदा पोसायचाय. पण पाऊस पडला तर गेल्या वर्षीसारखा जमिनीतच सडेल. काढणीचा दिवस आण्णांनी आजवर कुणालाच विचारला नाही. आज मला म्हणाले, "रेखा, काढू का ठिवू? मला आता आभाळ कळंना झालंय."

मी "काढा" म्हणाले. मला काय कळतं? मी गाड्यांचे पार्ट तपासते. हिरव्या पातीचा कांदा साठवणीच्या चाळीत टिकेल का?

आण्णांनी लगेच उद्यासाठी मजूर बायकांना निरोप धाडला. एका शब्दानंही वाद घातला नाही. पावसापेक्षा त्याचीच भीती वाटतेय.