बगळा माझा, करकोचा त्याचा

१ जानेवारी
नव्या वर्षाचा संकल्प: टेम्पर सांभाळायचं. मुळात मी शांत माणूस. गेल्या वर्षी फ्रिजचा दरवाजा निखळला तो बिजागरी कच्ची होती म्हणून. मी फक्त लाथ मारली होती. पण ग्लेनिसचा आग्रह. बायकोच्या समाधानासाठी एक संकल्प करायला आपलं काय जातंय?

दुसरा संकल्प खरा. क्लिफर्डकडचा करकोचा यंदा घरी आणायचाच. आईनं जाताना जोडी फोडली. थोरला म्हणून मला बगळा, धाकट्या क्लिफर्डला करकोचा. जन्मभर शेजारीशेजारी उभे राहिलेले छत्री-स्टँड! अस्सल मजोलिका चिनीमाती, हिरवी-निळी झिलई अजून ओली वाटते. माझ्या बगळ्याच्या चोचीत मासा, त्याच्या करकोच्याच्या चोचीत साप. एकेकटे दोघंही विधुर दिसतात.

३ जानेवारी
पाऊस. ग्लेनिसनं ओली छत्री हॉलमधल्या स्टँडमध्ये खुपसली. ॲंटिक वस्तूत! ओरडलो नाही. छत्री काढली आणि गुडघ्यावर मोडली. ती म्हणाली, घरात अकरा छत्री-स्टँड आणि छत्र्या वाळत घालायच्या बाथटबमध्ये, हे बाहेर कळलं तर तुला धरून नेतील. कलेक्शन म्हणजे काय हे तिला कळत नाही. पुढचं दार स्टँडमुळे उघडत नाही, म्हणून सगळे मागच्या दारानं येतात. काय बिघडलं?

१४ जानेवारी, रविवार
क्लिफर्डकडे जेवण. दारातच करकोचा. त्यात ओल्या छत्र्या, कुत्र्याचा पट्टा आणि क्रिकेटची बॅट! रक्त उसळलं, पण हसलो.

आता स्टोकसारख्या चिनीमातीच्या कारखान्यांच्या गावात जन्मलेला माणूस चिनीमातीची वस्तू दिसली की उलटी करून बुडावरचा कारखान्याचा शिक्का बघणारच. आमचे आजोबा लोकांच्या लग्नात जेवणाची प्लेट उलटी करून बघायचे, निदान अर्धं खाऊन झाल्यावर. मीही करकोचा उलटा केला. आतलं गढूळ पाणी ज्युडिथच्या नव्या गालिच्यावर. ज्युडिथ म्हणजे क्लिफर्डची बायको, गालिचा हा तिचा जीव की प्राण. क्लिफर्ड ओरडला, अरे बैला, आधी आत काय आहे ते तरी बघ! मी त्याचा टाय धरला. नुसता धरला. तो खुर्चीसकट माझ्या अंगावर आला. पुदिन्याचा सॉस डोळ्यात, गरम बटाटा कॉलरमध्ये. कुत्रा मलाच चावला, वास्तविक पाहुणा मी.

येताना गाडीत ग्लेनिस मागच्या सीटवर जाऊन बसली. माझा संयम बघून थक्क झाली असावी.

२७ जानेवारी
लिलाव. शेजारी उभ्या बाईनं एका स्टँडवर अंगठी ठोकून बघितली. अहो, तडा आहे का ते बोटाच्या पेरानं वाजवून बघायचं असतं, हिऱ्यानं नाही! मी तिचा हात प्रेमानं बाजूला केला. तिच्या नवऱ्यानं माझं नाक प्रेमाशिवाय बाजूला केलं. मग माझ्या हातात एक काठी आली. कुठून आली आठवत नाही. चष्मा त्याचा फुटला, दात माझा हलला. हमालांनी मला उचलून फुटपाथवर ठेवलं आणि परत दिसू नका म्हणाले.

नाहीतरी लिलावांतून थोडा ब्रेक घ्यायचं मनात होतंच.

८ फेब्रुवारी
ग्लेनिसनं नाव घातलं म्हणून चर्चच्या हॉलमध्ये राग आवरण्याच्या क्लासला गेलो. मास्तर अगदी गोगलगाय. म्हणाला, डोळे मिटा, एक शांत तळं बघा. बघितलं. तळ्यात करकोचा. करकोच्याच्या पाठीत क्रिकेटची बॅट. डोळे उघडले तेव्हा माझी खुर्ची खिडकीबाहेर होती आणि मास्तर टेबलाखाली. खिडकी बंद होती, ही चूक हॉलवाल्यांची.

मास्तर म्हणाला, तुम्हाला पुढच्या आठवड्यापासून यायची गरज नाही. इतरांना सहा आठवडे लागतात म्हणे. मी एका दिवसात पास.

२५ फेब्रुवारी, रविवार
क्लिफर्डसमोर समंजस प्रस्ताव ठेवला. जोडी सहा महिने माझ्याकडे, नंतर बघू. तो म्हणाला, नंतर काय बघू? ही कसली वाटणी? मग म्हणाला, अरे नेव्हिल, तुला करकोचा बघायचाय ना, दर रविवारी जेवायला ये आणि पोटभर बघ. आईनं उगीच एकेक दिला का? एकमेकांकडे जाणं-येणं राहावं म्हणून दिला. मी म्हटलं, आईला दोन हात होते म्हणून एकेक दिला, फार हुशारी करू नकोस.

इथे तो म्हणाला, तू आईला शेवटच्या आजारात भेटायला आलास ते टेप घेऊन बगळ्याचं माप घ्यायला.

खोटं. मी आधी तिची तब्येत विचारली होती. मग बगळा मोजला.

त्याच्या पोटात डोकं घातलं. त्यानं माझा कान धरून पिरगळला, लहानपणी मी त्याचा पिरगळायचो तसाच. कोबीच्या वाफ्यात लोळलो दोघं. मी त्याच्या अंगठ्याला चावलो. शेजारच्यांनी पाइपनं पाणी मारलं, कुत्र्यांवर मारतात तसं. दोघांची वयं साठीच्या पुढे, असं ज्युडिथ सारखी ओरडत होती. वयाचा इथे काय संबंध?

तरी बोलणी सुरू झाली, हे महत्त्वाचं.

१० मार्च, इंग्लंडातला मदर्स डे
सकाळी आईच्या थडग्यावर फुलं ठेवली. क्लिफर्ड आला नाही. आईची फिकीर कोणाला आहे, ते यावरून दिसतंच.

संध्याकाळी. दुपारी मागच्या दारात खुडबुड झाली. डोकावलो तर क्लिफर्ड, पाठमोरा, छातीशी ब्लँकेटचं गाठोडं धरून, दार खांद्यानं ढकलत आत येतोय. क्षणात ओळखलं, बगळा न्यायला आलाय आणि गुंडाळायला ब्लँकेटही आणलंय! मी शांत होतो. हाताला लागेल ते उचललं आणि घातलं त्याच्या डोक्यात.

हाताला बगळा लागला होता.

आवाज भयंकर. मान तुटली, चोच तुटली, पंखाच्या ठिकऱ्या. रक्तही बरंच. क्लिफर्ड खाली बसला, पण ब्लँकेट छातीशी धरूनच. ग्लेनिस किंचाळत आली. अँब्युलन्स आली. ब्लँकेटमध्ये करकोचा होता. एक ओरखडाही नाही.

११ मार्च
ज्युडिथचा फोन. म्हणते, तो थडग्यावर आला नाही, कारण सकाळभर करकोचा घासून पुसून चकचकीत करत होता. आईचा दिवस आहे, नेव्हिललाच देऊन टाकतो, भांडायचं वय राहिलं नाही, असं म्हणत घरातून निघाला होता. त्याच्या डोक्याला टाके पडलेत.

यात काहीतरी डाव असणार. पण काय, ते सुचत नाही.

ग्लेनिस बॅग भरून तिच्या बहिणीकडे गेली. चार दिवस हवापालट.

१४ मार्च
तुकडे जोडणारा माणूस येऊन गेला. म्हणाला, बगळा उभा राहील, पण माशाचं शेपूट सापडत नाही. शेपटाशिवाय मजा नाही. ग्लेनिसला फोन केला. ती म्हणाली, शेपूट क्लिफर्डच्या डोक्यात रुतलं होतं, डॉक्टरांनी काढलं, बाटलीत घालून त्याच्या उशाशी ठेवलंय. आणि फोन ठेवला.

द्राक्षं घेऊन हॉस्पिटलमध्ये गेलो. वाटेत सगळं नीट ठरवलं होतं. आधी सॉरी म्हणायचं. मग बसायचं, गप्पा मारायच्या, जुन्या गोष्टी काढायच्या. क्लिफर्डच्या डोक्याला हे एवढं बँडेज, एक डोळा बंद. बाटली उशाजवळच्या टेबलावर होती. मी बाटलीकडे बघितलं. त्यानं माझ्याकडे बघितलं. मग बाटली उचलून माझ्या हातात दिली. म्हणाला, घे. करकोचाही तुझाच. आता रविवारी येत जाऊ नकोस.

शेपूट बाहेर काढून उलटं करून बघितलं. कड शाबूत होती. थँक्यू म्हटलं.

लिफ्टमध्ये लक्षात आलं, कसा आहेस हे विचारायचं राहिलं. परत वर गेलो. दारात ज्युडिथ उभी. म्हणाली, झोपलाय तो. आतून त्याच्या खोकल्याचा आवाज येत होता.

घरी आलो. बगळा अजून मोडकाच, पण चिकटपट्टीनं उभा केला, शेपूट लावून बघितलं. बरोब्बर बसलं. शेजारी करकोचा ठेवला. आईच्या घरात होते तसेच. फार सुंदर दिसले. दाखवायला कोणीतरी हवं होतं, आणि हे कसे दिसायचे ते ठाऊक असणारा जगात एकच माणूस. त्याला फोन लावला. ज्युडिथनं उचलला. मी हॅलो म्हटलं, तिनं ठेवून दिला.