दोरीवरच्या चादरी

सोमवार, ६ ऑक्टोबर
मॉरीन लहान असताना आम्ही मायलेकी अंगणात चादरींच्या घड्या घालायचो. दोन टोकं तिच्याकडे, दोन माझ्याकडे. झटकायचं आणि चालत एकमेकींजवळ यायचं. बोटांना बोटं लागायची. केवढं सुख! तसंच घर इथं मॉरीनकडे पुन्हा उभं करायचं ठरवलंय.
मॉरीन तान्ह्याला घेऊन सेंट जॉन्स शहरातल्या हॉस्पिटलात आहे, जावई बोटीवर. ती शनिवारी येईल. मला हिवाळाभर ठेवून घ्यायचं का, यावर म्हणाली, "हा आठवडा कसा जातो बघू, आई." माझ्या त्या रिकाम्या घरात आणखी एक हिवाळा मला झेपणार नाही. तेव्हा घर लखलखीत हवं. शाळेत सिस्टर अलॉयशियस म्हणायच्या, आधी काम, मग खेळ. शेड्यूल केलंय: धुणं, स्टार्च, इस्त्री, फरशी. नातवंडांना रोज चार ते पाच. अख्खा तास!

मंगळवार
काल सोमवार, धुण्याचा वार, असून धुणं दोरीवर गेलं नाही. फिंटनला (वय चार) मांडीवर बसायचं होतं. शेजारच्या मिसेस पॉवरची दोरी सकाळीच भरलेली. कुंपणावरून म्हणाली, "काय गं लोरेटा, यंदा सोमवार उशिरा येणार वाटतं?" आणि ही बाई टॉवेलांमध्ये मोजे वाळत घालते! मी हसून सोडून दिलं. (दिवसभर आठवत होतं.)
चार ते पाच: बटाटे सोलले. मुलं बघत होती, म्हणजे सहवास झालाच.

बुधवार
ब्रिजेट (सहा) बाहुलीशी 'नॅन-नॅन' खेळत होती. किती लळा आपल्या आजीचा, या नॅनचा! बाहुली रडते, ही पाठ फिरवून म्हणते, "आलेच हं राजा, एवढं झालं की." आवाज हुबेहूब माझा. मुलं चांगलं तेच उचलतात.

गुरुवार
लिहवत नाही. सकाळी फिंटन म्हणाला, "मी लपतो, तू शोध." हो हो म्हटलं आणि चादरी घेऊन बाहेर गेले, वारा छान होता. चादरी बाहेरच्या दोरीला, आतले कपडे मधे, रीतीप्रमाणे. परत आले तर पोरगं नाही. जिना, शेड, बोटींचा धक्का. खाली काळं पाणी. लहानपणापासूनची प्रार्थना अर्ध्यातच विसरले. मिसेस पॉवर घरातल्या चपलांनिशी धावत आली. तिलाच सापडला, वरच्या कपाटात, रजयांमध्ये झोपलेला. गालांवर वाळलेले ओघळ. "तू आलीच नाहीस," एवढंच म्हणाला. मिसेस पॉवरने टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.
उद्यापासून साडेतीन ते पाच.

शुक्रवार
मी होऊन म्हटलं, लप ना रे. "नको नॅन, तुला काम आहे."
ओटा पुन्हा पुन्हा पुसला.

शनिवार
मॉरीन आली. फरशी आरशासारखी, तिने पाहिलीसुद्धा नाही. बाळ माझ्या हातात देऊन कोटासकट खालीच बसली, दोघं तिच्या अंगावर. ब्रिजेटने कपाटाचं सगळं सांगून टाकलं. मी घाईघाईने चादरींच्या घड्यांची आठवण काढली.
"आठवतात ना," म्हणाली. "तेवढ्यापुरतीच तू माझ्याकडे चालत यायचीस. म्हणून मी घडी मुद्दाम बिघडवायचे."
बघा, तिलाही आठवतं!
मग म्हणाली, "राहा हिवाळाभर. पण ती इस्त्री आणि ते शेड्यूल या घरात नको."
तर वाटणी अशी. इस्त्री: चर्चच्या सेलला. स्टार्च: मिसेस पॉवरला, तिला गरज आहे. सोमवारची दोरी: जावयाला. मोठ्या चादरी: मुलांना, तंबूसाठी. कपाटातली जागा: फिंटनची.
मी: जो आधी हाक मारेल त्याची. एवढी भांडी झाली की.